उघडा चौकोन

इर्विनने भाला सोडला. फेकला नाही, नुसता बोटं उघडून सोडला. पाण्यात शिरताना आवाजसुद्धा झाला नाही. दोरीच्या टोकाला हलणारा आमिषाचा लाकडी मासा हुंगायला आलेला पाईक जातीचा मासा जागच्या जागी थबकला होता. भाल्याचे सातही काटे त्याच्या मानेमागे बसले. भाल्याची दोरी एकदा ताणली, दोनदा हिसकली आणि मग निवली.

गोठलेल्या तळ्यावरच्या त्या खोपटात मिट्ट काळोख होता. उजेड काय तो खालून, बर्फात कापलेल्या चौकोनातून यायचा, हिरवट. त्या उजेडात मार्लीनने बापाकडे पाहिलं. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पण हात तसूभरही हलला नव्हता. दोघांनी मिळून मासा वर ओढला. बारा पौंडांचा तरी असेल. इर्विनने खिशातून चिमूटभर तंबाखू काढली, पाण्यावर सोडली, पुटपुटत माशाचे आभार मानले आणि मग गालात हसला. म्हणाला, तुझा भाऊ म्हणतो ना म्हाताऱ्याचं काही खरं नाही, त्याला हा दाखव.

मार्लीनलाही हसू आलं. गेला महिनाभर डेलबर्ट तिच्या मागे लागला होता. बाबा परवा शेगडी पेटती ठेवून झोपले, बाबा दुकानात जाऊन कशाला आलो ते विसरले, आता त्यांना एकट्याला तळ्यावर जाऊ देऊ नकोस, ताई. मार्लीनने ठाम नकार दिला होता. बाबांना घरात कोंडलं तर महिन्याभरात संपतील, त्यापेक्षा बर्फावर बरे, माझी जबाबदारी, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. काल तिला कामावरून सुटायला उशीर झाला, तर म्हाताऱ्याने एकट्याने खोपट जुन्या बर्फगाडीला बांधून दुसरीकडे आणलं, नवा चौकोन कापला, आणि आज पहिल्याच तासात हा मासा. तिला आपला शब्द खरा ठरल्यासारखं वाटत होतं.

माशाला दाराबाहेर टाकता टाकता तिने सहज विचारलं,

"काल निघताना जुन्या जागेवर फांद्या रोवल्यात ना, बाबा?"

"रोवल्या की. चारी कोपऱ्यांना. तुझी आई तोडून देत होती, मी रोवत होतो. हात गारठले म्हणून सारखी कुरकुरत होती."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

खोपट हलवलं की उघड्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना देवदाराच्या फांद्या रोवल्याशिवाय तिथून पाय उचलायचा नाही, ही तळ्यावरची रीत. रात्रीत वर बोटभर साय धरते, त्यावर बर्फ पडतं, वारा ते सारखं करतो, आणि मग तो चौकोन कुणालाच दिसत नाही. ज्याने चौकोन असा टाकला त्याचा भाला काढून घेतात. इर्विनने स्वतःच्या सख्ख्या भावाचा काढला होता, आणि तो मरेपर्यंत परत दिला नव्हता.

"काल खोपट होतं कुठं?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्या जागी. दोन बेटांच्या मध्ये."

डेलबर्ट पलीकडच्या काठावर राहायचा. दुपारी मुलींना घेऊन येतो म्हणाला होता, आणि त्याची वाट दोन बेटांच्या मधूनच होती. मार्लीनने फोन लावला. नुसता वाजत राहिला. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार, कपाळ! तिने पहार उचलली आणि ती बाहेर पळाली.

बाहेर डोळे दिपले. सगळं तळं एकसारखं पांढरं. काल खोपट ओढून आणल्याचा मागसुद्धा वाऱ्याने पुसून टाकला होता. फांदी म्हणून नव्हती कुठं. दोनशे पावलं ती गेली असेल नसेल, तोच बेटांच्या पलीकडून बर्फगाडी येताना दिसली. मागे घसरगाडीवर दोन्ही मुली, एकीची टोपी लाल, एकीची पिवळी.

मार्लीनने दोन्ही हात वर करून हलवले आणि हलवताक्षणीच तिला कळलं की आपण घोडचूक केली. दोन्ही हात वर म्हणजे मोठा मासा मिळाला. या तळ्यावर शेंबडं पोरगंही ते जाणतं. डेलबर्टनेही हात वर केला. मुलींनी चार हात वर केले. आणि गाडीचा वेग वाढला.

मग तिने पहार टाकली आणि स्वतःला बर्फावर पालथं झोकून दिलं. आडवा माणूस म्हणजे खाली बर्फ कच्चं, हेही सगळ्यांना ठाऊक. गाल बर्फाला लावून ती पडून राहिली. इंजिनाची थरथर तिला छातीत जाणवत होती. जवळ आली, आणखी जवळ आली, आणि एकदम थांबली.

"मुलींना हलू देऊ नकोस," ती पडल्या पडल्याच ओरडली. "बाबांनी काल फांद्या रोवल्या नाहीत."

डेलबर्टने नुसतं इंजिन बंद केलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती पहार घेऊन उठली, एकेक पाऊल ठोकून बघत पुढे सरकली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. गाडीच्या पुढच्या घसरपट्टीपासून तीन वितींवर पहार फसकन आत गेली आणि पांढऱ्यावर काळं पाणी चढलं. थोरल्या मुलीने धाकटीचा हात धरला. दोघीही रडल्या नाहीत. त्यांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं.

डेलबर्टने मुलींना उचलून मागे नेलं. धाकटीच्या टोपीचा सुटलेला बंद बांधला.

"माझं चुकलं," मार्लीन म्हणाली. "मीच म्हटलं होतं, माझी जबाबदारी."

"ते मागाहून बघू," तो खाली मान घालून म्हणाला. "ते बघ, येतायत."

इर्विन येत होता, हातात मासा, नातींना दाखवायला. बोलता बोलता चौकोनाशी पोहोचला आणि थांबला. मासा खाली ठेवला. पाण्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. चेहरा तापला.

"हे कुणाचं काम?"

थोरलीने बापाकडे पाहिलं.

"विचारतोय मी. कोण हा दीडशहाणा? लेकरं गेली असती खाली. आईबापांनी काही शिकवलं की नाही त्याला?"

मार्लीनने तोंड उघडलं, पण डेलबर्ट आधी बोलला.

"मी, बाबा. काल खोपट मी हलवलं. घाईत होतो."

इर्विनच्या डोळ्यांत क्षणभर गोंधळ दिसला. कालचा दिवस तो आतल्या आत धुंडाळत असावा. मग त्याने लेकाला फाडफाड बोलायला सुरुवात केली. पोटच्या पोरींच्या वाटेवर खड्डा ठेवतोस, एवढा घोडा झालास तरी अक्कल कवडीची नाही, तुझ्या चुलत्याचं काय केलं होतं मी, विसरलास? सत्तेचाळीस वर्षांचा डेलबर्ट मुलींच्या देखत खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हाताऱ्याने हात पुढे केला. डेलबर्टने घसरगाडीतून आपला भाला काढला आणि त्याच्या हातात दिला. धाकटी म्हणाली, पण बाबा, काल तर आपण... आणि थोरलीने तिला कोपराने ढोसलं.

खांद्यावर भाला टाकून इर्विन चौकोनापाशी गुडघ्यांवर बसला. कोपरे किती खचलेत ते बघायचं असेल. हातमोजा काढला, साय बाजूला केली आणि बर्फाच्या कडेवरून बोटं खाली फिरवली. बोटं तिरकी आत गेली.

डेलबर्ट यांत्रिक करवतीने कापायचा, कडा सरळसोट उभ्या. सगळेच हल्ली तसं कापतात. हातकरवतीने तिरकं, खाली रुंद, म्हणजे वर ओढताना मासा कडेला अडकून सुटायला नको, असं कापणारा या तळ्यावर एकच माणूस उरला होता.

इर्विनने एक कड चाचपली. मग दुसरी. त्या पाण्यात त्याचा हात गारठून लाल होत गेला तरी तो बाहेर काढेना. मार्लीनला त्याच्या पाठीकडे बघवेना.

बऱ्याच वेळाने तो उठला. भाला लेकाला परत दिला.

"मार्लीन," तो म्हणाला. आवाजातला सगळा ताठा गेला होता. "या आठवड्यात मी खोपट किती वेळा हलवलं?"

तिला माहीत नव्हतं. ती दिवसभर कामावर असायची. सोमवारी तो खुशीत घरी आला होता, मंगळवारी मासे येत नाहीत म्हणून करवादला होता, बुधवारचं तिला आठवेना.

"मला वाटलं, तुम्ही रोवत असाल," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं गं," इर्विन म्हणाला. "रोवल्याचं आठवतंय मला. एकूण एक."

तिघांनी तळ्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर कुणाची तरी पोरं घसरगाडी घेऊन बर्फावर उतरत होती.

इर्विनने घसरगाडीची ओढदोरी सोडली आणि आपल्या कमरेला गाठ मारली. डेलबर्ट म्हणाला, बाबा, तुम्ही मुलींजवळ थांबा, मी जातो.

"तुझं वजन बघ आणि माझं बघ," म्हातारा म्हणाला. "आणि तुला दोन लेकरं आहेत. धर हे टोक. ढिलं सोडू नकोस."

मार्लीनच्या हातातली पहार त्याने घेतली आणि तिला मुलींसकट गाडीच्या मागावरून फांद्या आणायला पाठवलं. बेटावर पहिली फांदी तोडताना तिला पहारेचा आवाज ऐकू येत होता, ठण्ण, मग पाऊल, ठण्ण, मग पाऊल. डेलबर्ट दोन्ही हातांना दोरी गुंडाळून मागे चालत होता.

मग एकदा ठण्ण झालंच नाही.

इर्विन जागच्या जागी उभा राहिला.

"हा दुसरा," मागे न बघता तो म्हणाला, आणि त्याला वळसा घालून पुढे निघाला.