आपल्या पायांनी

शनिवारी दुपारी गाडी इतवारीहून सुटली, तशी शेवंतानं खिडकीचा गज दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाच वर्षांची पोर, पहिल्यांदाच रेल्वेत बसली होती. "रामटेकले आत्याबाईचा पानमळा पाहाले चाललो," एवढंच बापानं, रुपरावानं, दोघी पोरींना सांगितलं होतं.

त्यांच्या आईला, यमुताईला, खरं ठाऊक होतं. नवऱ्याचा नागपुरातल्या महाल भागातला पानठेला दुखण्यात गेला. त्याचा खोकला हटत नव्हता, चूल एकच वेळ पेटत होती. नणंद रुखमाबाईला मूलबाळ नव्हतं. धाकट्या शेवंताला तिच्या ओटीत घालायचं ठरलं, आणि यमुताई 'हो' म्हणाली ती घरच्या रिवाजाच्या भरवशावर. त्यांच्या पानवेली लावणाऱ्या बरई घरात ओटीतलं मूल कुणी उचलून देत नसे. मुलानं आपल्या पायांनी जाऊन मांडीवर बसायचं, मग आईनं अक्षता टाकायच्या. नाही गेलं, तर ते आईचंच. आणि शेवंता तर परक्या बाईच्या सावलीलाही उभी राहत नसे. रडेल, पदर धरेल. रविवारी संध्याकाळी चौघं परत.

रविवारी सकाळी सगळे मळ्यात गेले. आत चपला चालत नाहीत. पोरींच्या पायांत काढायला काही नव्हतंच. आत हिरवा अंधार, पायाखाली ओली माती, पाटात झुळझुळ पाणी.

"आत्याबाई, इथं पंखा लावला का?" शेवंतानं विचारलं.

"नाही वं माय, वेलीच फुकून राहिल्या!"

शेवंता खळखळून हसली. थोरली प्रेमिला पाटात उतरली, तिच्यामागून ही. रुखमाबाई पानं खुडता खुडता गुणगुणत होती,

*पानवेलीच्या गं खाली, थंड सावली हालते*
*माझ्या ओसाड अंगणी, कोणाचं पाऊल चालते*

पोरींनी पाणी उडवलं तशी यमुताईही पाटात पाय सोडून बसली आणि हसली.

"तुले हासताबी येते का वं?" रुपराव म्हणाला.

"तुमच्या घरी मुहूर्तच नाही भेटला."

दुपारी भात, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. शेवंतानं तीनदा मागून घेतलं.

मग रुखमाबाई घरात लाकडी पाटावर बसली. तिनं मांडीवर पदर पसरला. "ये वं माय."

शेवंतानं आईकडे पाहिलं. यमुताईनं आपला पदर हळूच तिच्या हाताजवळ सरकवला. पोर त्याच्यावरून पाय टाकून गेली आणि आत्याच्या मांडीवर बसली.

"सांजेले बी भात करशीन?"

"करीन ना वं."

"मंग मी इथंच राहीन."

"मी बी बसू?" प्रेमिलानं विचारलं. रुपरावानं तिचा हात मागे ओढला.

"वयनी," रुखमाबाई खाली मान घालून म्हणाली, "अक्षता टाका."

यमुताईची अक्षतांची मूठ उघडेना. रुपराव तिच्याजवळ बसला, खोकला आवरत त्यानं तिचं एकेक बोट सोडवलं.