बाबांवरचं उदाहरण

मी तोंडाची फटकळ. दर्यापूरच्या बाजारात भाजी विकायची तर तोंड लागतंच, पण माझं घरीही मिटत नाही. आमचे हे, शेषराव, अगदी उलट. हूं म्हणाले तरी खूप झालं.

कापसाने लागोपाठ पाठ फिरवली, तेव्हा ह्यांनी अकोल्याला एका गोदामावर राखणदारी धरली. आता घरी यायचे ते दिवाळीलाच. निघायच्या सकाळी मी भाकरी बांधत होते आणि आमची दहावीतली रागिणी अलंकार घोकत होती.

"माय, बाबांवर एक उपमा सांग."

"तुहा बाप दगडासारखा."

"आता रूपक. सारखा म्हणाचं नाई, तोच म्हणाचं."

"तुहा बाप दगडच हाये."

"उत्प्रेक्षा. जणू लावून."

"तुह्या बापाचं तोंड जणू बंद दुकान."

पिशवीला गाठ मारता मारता हे गालात हसले.

"अनन्वय राह्यला," रागिणी म्हणाली. "जोडीले दुसरं काईच सापडत नाई, तवा त्याले त्याचीच उपमा देतात. मॅडम म्हणतात, याच्याहून मोठं कौतुक नाई."

ह्यांचा हात गाठीवरच थांबला. मान खाली, पण कान माझ्याकडे. मला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच जीभ अडली. "उशीर होऊन राह्यला," म्हणत मी वांग्यांची टोपली उचलली.

स्टँडवर अकोल्याची जीप उभी होती. "गर्दी हाये," म्हणून ह्यांनी ती सोडली. दुसरी अर्धी रिकामी आली. "ड्रायव्हर लय जोरात हाकते," म्हणून तीही सोडली. त्या ड्रायव्हरला हे ओळखतही नव्हते. माझी वांगी उन्हात सुकत होती आणि हा माणूस एका शब्दासाठी जीपा सोडत होता. इतकी माया दाटून आली की मला रागच आला.

तिसरी जीप खचाखच भरून आली. मी ह्यांची बाही धरली.

"अहो, तुमच्यासारखे तुमीच."

जीपमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या दगडाला पाझर फुटला. ह्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, भाकरीचं गाठोडं काखेत मारलं आणि जीपच्या मागच्या फळीवर एक पाय टेकवून उभे राहिले.

जीप हलली, तसे हे भर स्टँडवर, जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने बोलले, "रागिणीले सांगजो, उदाहरण भेटलं."