नाईक चौगुले हजर

आकाराम खोत पलटणीतून हवालदार होऊन परतला, तेव्हा त्याच्या हातात एकच विद्या होती. रणगाड्याचं फाटलेलं पोलाद पुन्हा सांधायची. गावात तिला गिऱ्हाईक नव्हतं. चार महिने घरी बसून काढल्यावर त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याला कळलं, कोल्हापुरात उद्यमनगरात गोबरगॅसच्या लोखंडी टाक्या करणारा एक कारखाना आहे आणि तिथं माजी सैनिकांना आधी घेतात.

कारखान्याची कचेरी सांभाळणाऱ्या दत्तोपंतांनी त्याचे कागद पाहिले न पाहिले, नि म्हणाले, "उद्या आठला या. पदकं असतील तर लावून या."

पदकं कशाला, ते दुसऱ्या दिवशी समजलं. शेणाच्या गॅसच्या टाक्या गावोगाव व्हाव्यात म्हणून सरकार अशा कारखान्यांना करात सूट देत होतं, आणि कामावर पाच माजी सैनिक ठेवले तर त्यात आणखी भर. ते पाच जण प्रत्यक्ष बघायला त्या दिवशी करखात्याचे साहेब आले होते. आकाराम पाचवा.

टाक्यांपुढं रांग लागली. साहेब यादीवरून नावं वाचू लागले. दोघं 'हजर' म्हणाले. मग साहेबांनी वाचलं, "नाईक ज्ञानू सखाराम चौगुले, तालुका शिरोळ."

"हजर," आकारामच्या शेजारचा माणूस म्हणाला.

ज्ञानू चौगुले एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. तो आणि आकाराम मिळून अडकलेला रणगाडा ओढून काढायला गेले आणि ज्ञानूचा पाय सुरुंगावर पडला. तासभर तो आकारामच्या मांडीवर होता. अग्नी आकारामनंच दिला होता. त्याच्या बायकोला एक पत्र लिहिलं, पण तिच्या दारात जाऊन उभं राहायचं धाडस बारा वर्षांत झालं नव्हतं.

त्यानं मान वळवून पाहिलं. तिशीतला गडी, तेच रुंद कपाळ, तीच पुढं आलेली हनुवटी. क्षणभर त्याला खरंच वाटलं, मेलेला माणूस उठून आला.

"हवालदार, तुम्ही सगळ्यांत थोरले," साहेबांनी कागद पुढं केला. "हे सगळे फौजेतलेच, एवढं लिहून सही करा."

आकारामनं पेन घेतलं. दत्तोपंत त्याच्याकडं टक लावून पाहत होते.

"सही हुणार न्हाई, साहेब," तो म्हणाला. "ज्ञानू चौगुले माझ्या मांडीवर गेला. मी त्येला जाळून आलोय."

शेजारचा गडी खाली बघून म्हणाला, "मी गुंडू. त्येंचा धाकटा भाऊ. दादाच्या ट्रंकेतनं त्येंचं फौजेतलं पगाराचं पे-बुक आलंतं, त्ये वैनीनं दिलं. पंत म्हणालं, एक माणूस कमी पडतोय, चालवून घेऊ."

साहेबांनी दत्तोपंतांकडं पाहिलं, यादीतल्या नावावर रेघ मारली आणि वह्या मागवून कचेरीत जाऊन बसले. कारखान्याची ती सवलत त्या वर्षी गेली. गुंडूला दुपारीच घरी पाठवलं.

आकारामनं एस.टी. धरली आणि संध्याकाळच्या आत शिरोळजवळच्या त्या गावात पोचला. ज्ञानूची बायको बाळाबाई म्हशीपुढं वैरण टाकत होती. गुंडू कट्ट्यावर बसला होता, त्यानं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. ती शिव्या देईल, या तयारीनंच आकाराम आला होता.

"बसा भावजी," ती म्हणाली. "पत्र तुमचंच हुतं न्हवं?"

"व्हय. वैनी, मी गुंडूच्या पोटावर पाय दिला. पन ज्ञानूच्या नावावर माझ्यानं सही हुईना."

ती पदरानं हात पुसत म्हणाली, "तुमी खरं त्येच केलंसा. पन एक सांगू? गुंडू रोज सांजंला यून सांगायचा, आज बी हजेरीत दादाचं नाव घेतलं. बारा वर्सांत ह्या घराभाईर त्येंचं नाव कोन घेत न्हवतं. म्हनून मी पे-बुक दिलं. पगारासाटनं न्हवं."

सकाळच्या धक्क्यानं आकाराम हादरला होता. आता बसल्या जागीच विझला. तिनं पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला.

शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली तेव्हा तो उठला आणि गुंडूला म्हणाला, "सांधा धरतोस कसा?"

"बरा धरतो, आण्णा."

"मग उद्या चल. तुज्या सोताच्या नावावर."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत आधी आकारामशी बोलायलाच तयार नव्हते. आकाराम कचेरीच्या दारातून हलला नाही. तासाभरानं त्यांनी गुंडूला एक टाकी सांधायला दिली. पाणी भरून पाहिलं. टाकी गळली नाही. तेव्हा कुठं त्यांनी हजेरीपटावर लिहिलं, गुंडू सखाराम चौगुले.