नना आणि जिना

सकाळपासून सवसन जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती आणि तिची आई किम्मतबेगिम, तिची नना, खालच्या.

"नना, मी कुठं आहे?" तिनं विसाव्यांदा विचारलं.

"जिन्यावर आहेस. मला डोळे आहेत."

"इंग्रजीत सांग."

"इंग्रजीत मला दिसत नाही," किम्मतबेगिम म्हणाली आणि पिठाचे हात रुमालाला पुसत चुलीकडे निघून गेली.

सवसननं कपाळावर हात मारून घेतला. उन्हाळ्याचे तीन महिने असेच गेले होते. पंज नदीचं पाणी चढलं आणि उतरलं, जर्दाळू पिकले, छपरावर वाळले, पोत्यांत भरले गेले, पण ननाच्या तोंडी चार वाक्यं काही बसली नाहीत. चुलीशेजारच्या खांबावर तिनं पुठ्ठा टांगला होता. आईला वाचता यावं म्हणून इंग्रजी वाक्यं आपल्याच अक्षरांत लिहिली होती. युवर रूम इज अपस्टेअर्स. ब्रेकफास्ट इज डाउनस्टेअर्स. गो अप, प्लीज. माइंड युवर हेड. पुठ्ठ्यावर धुराची पुटं चढली, ननावर काही चढेना.

जिना नवा होता. साऱ्या गावात दुसरा जिना नव्हता. लोक जर्दाळू वाळवायला शिडीनं छपरावर जात आणि काम झालं की शिडी आडवी करून ठेवत. पण सवसनचा भाऊ नवरोजशो मॉस्कोत गवंडीकाम करायचा. वडील गेल्यावर घराची चिंता त्याच्याकडे आली होती. सायकलींवरून खोऱ्यात फिरणारे परदेशी पाहुणे घरी उतरतील, आईला आधार होईल, म्हणून त्यानं दोन सुट्ट्या घालवून कोठाराच्या डोक्यावर एक खोली चढवली. पत्र्याचं छप्पर, मोठी खिडकी, बाहेरून नऊ पायऱ्यांचा लाकडी जिना. जुनं घर शेजारी जसंच्या तसं होतं: एकच मोठी खोली, पाच खांब, चहूकडे ओटे, आणि छताच्या मधोमध उजेडाचा चौकोन, जिथून सकाळ आधी चुलीवर उतरायची आणि मग माणसांच्या अंगावर.

जूनमध्ये पहिले तीन पाहुणे आले. ननानं एकेकाची पिशवी स्वतः उचलून वर नेली. मग शीरचाय, दुधाचा खारा चहा, घेऊन गेली. मग रजया पुरतात का ते बघायला. मग भाकरी विसरली म्हणून, आणि मग भाकरी खाल्ली का ते बघायला. दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा खरबुजासारखा सुजला.

फोनवर नवरोजशो म्हणाला, "सवसन, पाहुण्यांशी कोण बोलणार? तू गेलीस तर ही बाई महिन्याभरात अंथरूण धरेल. एक तर तिला बोलायला शिकव, नाहीतर यंदा तू राहा."

यंदा राहा. सवसनला खोरोग शहरातल्या अध्यापक शाळेत जागा मिळाली होती, इंग्रजी शिकवायला शिकण्यासाठी. सप्टेंबर आठ दिवसांवर आला होता. जागा काही तिची वाट बघत बसणार नव्हती. आणि जिच्यामुळे ती जागा जायची, ती तिची पहिलीवहिली विद्यार्थिनी खाली कणीक मळत होती.

सवसन पायऱ्या आपटत खाली आली.

"नना, हे शब्द तुझ्या गुडघ्यासाठी आहेत. तू खालूनच म्हणायचंस, अपस्टेअर्स. पाहुणा आपल्या पायांनी वर जाईल. तोंड चालव, पाय वाचव. यात अवघड काय आहे?"

"अवघड काही नाही. भाषाच गरीब आहे त्यांची."

"कोणाची?"

"इंग्रजांची. घरात हिंडायला वर आणि खाली, एवढंच? चुलीच्या ओट्यावरून मधल्या खांबापाशी गेलं तर काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत. जा म्हणतात."

"म्हाताऱ्यांच्या जागेला?"

"नाही शब्द."

"नव्या सुनेच्या? पाहुण्याच्या?"

"नाही, नना."

"मग ते घरात राहतात की गोदामात?"

सवसननं डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले, तेही इंग्रजीत. नना तेवढ्यात हळू आवाजात म्हणाली, "आणि बोट वर करून जा म्हणायचं, हे मला जमायचं नाही. दारात आलेल्याला? बोट दाखवून मी कोंबड्या हाकलते, पोरी."

सवसन आणखी चिडली. "आज मेहरंगेज अपा येणार आहेत. त्यांच्यासमोर कोंबड्यांचं काढू नकोस."

मेहरंगेज तालुक्याच्या गावातल्या पाहुणेघरांच्या मंडळात काम करायची. खोऱ्यातली घरं बघायची, बाई एकटीनं परदेशी माणसाची सोय लावू शकते का ते तपासायची, आणि मग ते घर मंडळाच्या यादीत यायचं किंवा राहून जायचं. दुपारी ती आली. तिनं फाटकातच सवसनच्या कानाशी सांगितलं, "मी परदेशी पाहुणी. तू मध्ये बोलायचं नाहीस. ओठसुद्धा हलवायचे नाहीत." पाठीवर पिशवी चढवली आणि अंगणात येऊन म्हणाली, "हॅलो."

नना उठली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहुणीकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, तू शोनझर सुताराची मेहरंगेज ना? तुझ्या पाळण्याचे पट्टे मी शिवले होते."

"आय अ‍ॅम फ्रॉम इंग्लंड," मेहरंगेज म्हणाली.

नना सवसनकडे वळली. "हिला ऊन लागलंय का?"

"परीक्षा आहे, नना. त्या परदेशी आहेत असं समज."

"कसं समजू? हिची आई पलीकडच्याच गावात आहे. उद्या ती म्हणेल, माझी लेक तुझ्या दारी आली आणि तू ओळख दिली नाहीस."

मेहरंगेजच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "हॅलो," तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"बरं," नना म्हणाली, एखाद्या लहान पोराच्या भातुकलीत बसावं तशी. मग ताठ उभी राहून, छातीवर हात ठेवून, स्वच्छ म्हणाली, "हॅलो. वेलकम. प्लीज."

सवसननं मनातल्या मनात एक गुण दिला.

"व्हेअर इज माय रूम?"

आता तो प्रश्न आला होता. सवसननं ओठ दातांखाली धरले. ननानं जिन्याकडे पाहिलं, नऊच्या नऊ पायऱ्या नजरेनं चढली, उतरली. मग पाहुणीकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्याकडे. मग पिशवीला हात घातला, आणि सवसन एक पाऊल पुढे आली. चढणार ही. आत्ता चढणार, आणि मग चहा घेऊन पुन्हा.

पण नना जिन्याकडे वळलीच नाही. ती जुन्या घरात शिरली. त्या दोघी मागोमाग आत गेल्या. मधल्या खांबाजवळच्या ओट्यावर, जिथं वरून उजेड पडतो, तिथं ननाचं स्वतःचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. तिनं ते बाजूला सारलं, कोनाड्यातून लग्नातली लाल रजई काढली, झटकली, पसरली, वर उशी ठेवली.

"युवर रूम," ती म्हणाली. "हिअर."

सवसन दारातच खाली बसली. तीन महिने. तीन महिने ती या बाईला एकच गोष्ट शिकवत होती.

मेहरंगेज मात्र इंग्लंड विसरून आपल्या बोलीत बोलली. "आणि तुम्ही कुठं झोपणार?"

"मी? माय रूम इज अपस्टेअर्स," नना म्हणाली. एकही शब्द अडखळला नाही. "रात्री एकदा चढेन, सकाळी एकदा उतरेन. पाहुणा चुलीपाशी, चहा चुलीपाशी, भाकरी चुलीपाशी. ब्रेकफास्ट इज हिअर. माझे पाय काय लोखंडाचे आहेत दिवसभर जिना झिजवायला?"

"तुला येत होतं?" सवसनचा आवाज चिरकला.

"न यायला काय झालं? पुठ्ठा रोज डोळ्यांसमोर आहे. तू मला ते पाहुण्याला म्हणायला सांगत होतीस. स्वतःला म्हणायला काय हरकत आहे?"

मेहरंगेज रजईवर बसली, वर उजेडाच्या चौकोनाकडे बघत राहिली, आणि मग तिनं फाईल उघडली. "सवसन, खरं सांगू? लोक तक्रार कसली करतात माहीत आहे? एवढा डोंगर चढून आलो आणि पत्र्याखाली झोपवलं, ही. सगळ्यांना हे घर हवं असतं, आणि आपण त्यांना नवी खोली दाखवतो." तिनं काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली. "झालं. आता मला आपल्या भाषेत चहा मिळेल का? इंग्लंडहून येऊन घसा सुकला."

संध्याकाळी नवरोजशोनं फोनवर सगळं ऐकलं. "दोन सुट्ट्या," तो म्हणाला. "पाहुण्यांसाठी बांधली होती मी ती."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"तिला सांगून काय होणार? खोरोगची गाडी कधी आहे तुझी?"

दुसऱ्या दिवशी सवसननं ननाचं सामान वर चढवलं. पेटी नेली, ती खिडकीपाशी नको, भिंतीपाशी हवी. लोकरीची रजई नेली, ती परत खाली आणली, कारण पाहुण्याला थंडी वाजली तर. मग पुन्हा वर नेली, कारण आपल्यालाही वाजेल. नना अंगणातून फर्मानं सोडत होती, आणि वर, खाली, वर, खाली करता करता सवसनच्याच गुडघ्यांनी हाय खाल्ली.

"नना, आता शेवटचं. काय हवं ते एकदाच ठरव आणि वर येऊन बघून जा."

नना एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून वर आली. खोलीभर फिरली, भिंतींना हात लावून पाहिले, मग खिडकीशी उभी राहिली. खाली नदी, नदीकडेनं रस्ता, आणि रस्त्यावर दूरवर एका गाडीची धूळ.

"इथून खोरोगची गाडी दुसऱ्या वळणापर्यंत दिसेल," ती म्हणाली.

सवसननं उशी हातात घेतली होती. कुठं ठेवू, असं विचारायला तिनं तोंड उघडलं.

"खिडकीच्या बाजूला ठेव," नना म्हणाली.