क्रेनवाल्या काकांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, डोक्यावर कडी आणि कुशीला एक पोचा. हल्ली माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर असतो. पण मला कमी समजू नका हं! तब्बल एकोणीस वर्षं मी रोज दहा मजली इमारतीएवढ्या उंचीवर कामाला जात होतो.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. सपाट पत्र्याला यंत्राने दाबलं, वाकवलं, घासलं, तेव्हा कुठे मला हे रूप मिळालं. दुकानात काकूंनी माझं झाकण चार वेळा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "याचं तोंड घट्ट आहे. हाच द्या. आमच्या माणसाला शिडी चढायची असते."

त्यांचा माणूस म्हणजे बंदरावरचे क्रेनवाले काका. काका मला पाठीवरच्या पिशवीत टाकून खडी शिडी चढत. वर एक काचेची खोली होती. तिची जमीनसुद्धा काचेची! काका खुर्चीत बसून, पुढे वाकून, दोन पायांमधून खाली पाहत आणि जहाजावरचे कंटेनर अलगद उचलून जमिनीवर ठेवत. खाली उभा राहून हातवारे करणारा आणि वायरलेसवर बोलणारा उंच माणूस होता. त्याला सगळे लंबू म्हणत. "काका अंडंसुद्धा न फोडता ठेवतील," असं तो नव्या लोकांना सांगे, तेव्हा माझीच छाती फुगे.

दुपारी काका मला उघडत. खाली भात, मध्ये भाजी, वर फळं. दहा मिनिटांत सगळं फस्त, की लगेच पुन्हा वाकून काम सुरू. संध्याकाळी काकू मला उघडून म्हणत, "वा! चाटूनपुसून रिकामा." त्या शाबासकीवर मी दुसऱ्या दिवसापर्यंत खूश असे.

काकांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती. सकाळी गोळी घेतली की ते त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. मग एक नवीच पीडा सुरू झाली. जेवून वाकलं, की त्यांच्या छातीत आग पडे आणि घशाशी आंबट पाणी येई. दोन घास खाल्ले तरी पोट तासन्‌तास टम्म. आवाज घोगरा झाला. "हृदयाचं काही निघालं तर मला क्रेनवरून उतरवतील," असं ते स्वतःशीच पुटपुटत. वर मी सोडून ऐकायला होतं कोण?

त्यांनी यावर उपाय शोधला, तो भलताच. दुपारचं जेवणच बंद! काकांनी खिडकी सरकवायची आणि भात-भाजी बाहेरच्या कठड्यावर ओतायची. फळं तेवढी घरी येताना वाटेत खायची. बंदरावरच्या पक्ष्यांची चंगळ झाली. आणि घरी काकू आपल्या म्हणत, "वा! चाटूनपुसून रिकामा." त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण डब्याला कुठली आलीय वाचा?

एके दिवशी दुपारी एक जड कंटेनर साखळ्यांना लटकत असताना काकांचे हात थरथरू लागले. कपाळावर घाम डवरला. त्यांनी डोळे चोळले.

"लंबू, मला दोन-दोन दिसतंय रे," ते वायरलेसवर म्हणाले.

खाली माणसं काम करत होती. लंबूने हात पसरून सगळ्यांना मागे हटवलं.

"काका, घाई नको. मी सांगतो तसं करा. खाली घ्या... अजून... अजून थोडं... थांबा. टेकला! आता हात काढा. काका, जेवलात का?"

"नाही."

"डब्यात गोड काही आहे का?"

"द्राक्षं आहेत."

"मग खा! आत्ता, माझ्याशी बोलत बोलत खा."

काकांच्या बोटांना माझी कडी सुटेना. मी माझ्या घट्ट तोंडाला पहिल्यांदाच शिव्या घातल्या. शेवटी झाकण निघालं, मी खाली पडलो आणि हा पोचा आला. पण वरचा कप्पा काकांच्या हातात राहिला होता! एकेक करून त्यांनी सगळी द्राक्षं खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांनी थरथर थांबली. तोवर लंबू वर येऊन पोचला होता. तो काकांच्या एक पायरी खाली राहून त्यांना उतरवत घेऊन गेला. मी त्याच्या पिशवीत होतो.

दवाखान्यात काकू धावत आल्या. "अहो, भरलेला डबा खाऊन साखर कमी होतेच कशी?"

काका छताकडे पाहू लागले. लंबूने घसा खाकरला. "काकू, तुमच्या हातचं वर्षभर आमचे पक्षी खातायत. मला वाटायचं, काका उरलेलं टाकतात. पक्षी इतके गुबगुबीत झालेत, की उडताना धापा टाकतात."

काकूंना रागवावं की हसावं कळेना. आधी त्या रागावल्या, मग हसल्या, मग पदराने डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी आधी हृदय तपासलं. ते ठणठणीत निघालं. मग त्या म्हणाल्या, "मधुमेह जुना झाला की कधीकधी पोटाच्या नसा सुस्तावतात. अन्न पुढे सरकत नाही, आम्ल वर येतं. त्यात तुम्ही जेवून लगेच वाकता. आणि गोळी घेऊन उपाशी राहिलात, तर साखर कोसळणारच. छातीत जळत होतं, तर सांगितलं का नाही?"

"क्रेन जाईल म्हणून," काका हळूच म्हणाले.

"आज जीव गेला असता. तुमचा आणि खालच्यांचाही."

काका खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच माझं."

तीन महिने काकांनी जमिनीवर काम केलं. औषधं बदलली, पोटाची तपासणी झाली, झोपेत आम्ल वर येऊ नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले. हळूहळू जळजळ ओसरली, आवाज मोकळा झाला. मग डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर काका पुन्हा शिडी चढले. आता ते चढण्याआधी साखर मोजतात. जेवायला खाली उतरतात आणि नंतर लंबूबरोबर धक्क्यावर फेऱ्या मारतात.

आणि मी? एका वेळी पोटभर न खाता थोडं थोडं चार वेळा खायचं ठरलं, म्हणून काकूंनी चार चिमुकल्या डब्या आणल्या. मला घासूनपुसून फळीवर ठेवलं. माझी नोकरी गेली. पण काकांची राहिली. सुरुवातीला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी काका घसा न खाकरता गुणगुणत बूट घालतात, ते फळीवरून छान ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा तरी डबा रोज रिकामा होऊन येत असेल. तो नीट घासा, कोरडा पुसा, त्याची कडी जपा. पण नुसत्या रिकाम्या डब्यावर विश्वास ठेवू नका. ज्याचा डबा आहे, त्याला शेजारी बसवा आणि विचारा, "आज जेवलात ना? कसं वाटतंय?" आम्हा डब्यांना ते सांगता येत नाही हो.