नजर लागलेले स्फटिक

वाळवंटातल्या आमच्या तोझर गावची हवा कोरडी म्हणजे किती? आमचा उंट रडला तर आसू नाकापर्यंत पोचायच्या आत त्याचं मीठ होतं. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा. आणि त्या सकाळी त्याच तोझरच्या खजूर-कोठारात चारही कोपऱ्यांतली ओल मोजायची यंत्रं एका सुरात ओरडत होती: दमट! दमट!

आत गावाचा वर्षभराचा खजूर. दारात माझा ट्रक. माल सूर्य बुडायच्या आत सफाक्स बंदरात पोचला नाही तर जहाज गेलंच.

यंत्रं हैफाची, सफाक्सच्या विद्यापीठात शिकलेल्या पोरीची. आत नखाएवढा स्फटिक, त्याच्या पाठीवरून कंपनाची लाट धावते. वर पातळ लेप. लेपानं हवेतली ओल प्यायली की तो जड होतो, आणि ओल्या वाळूत माझा ट्रक रेंगाळतो तशी लाट रेंगाळते. लाट रेंगाळली की पडद्यावरचा आकडा चढतो.

"सुकवायच्या भट्ट्या पेटवू का?" बागवाल्यांचा म्होरक्या हाजी लझहर घाम पुसत म्हणाला. "माल कोरडा असताना पेटवल्या तर खजुराच्या गोट्या होतील. दमट असताना नाही पेटवल्या तर समुद्रातच आंबेल. बोल पोरी, गाव तुझ्या तोंडाकडे बघतंय."

"जरा थांबा, हाजी."

"मी थांबतो गं. जहाजाला कोण सांगणार?"

हैफा पहिल्या यंत्रापाशी वाकली आणि तिनं नाक आक्रसलं. "इथं लोबान कोणी जाळला?"

खजूर निवडणाऱ्या बायकांनी मन्नूबियामावशीकडे बघितलं. मावशीनं कमरेवर हात ठेवले. "मी! काल तूच ना म्हणत होतीस, माझी यंत्रं किती गुणी, किती गुणी? वर नजर लागू नये म्हणून माशाल्लासुद्धा नाही म्हणालीस! आपल्याच लेकरांना दृष्ट लावतेस? दिली मग धुरी, चांगली नाकातोंडात जाईल अशी."

"अगं मावशी, धुराचा चिकटा बसला लेपावर! त्याला नुसतं ओझं कळतं. पाण्याचं की धुराचं, ते नाही कळत."

लझहर उसळलाच. "म्हणजे खोटं बोंबलतायत! भरा रे ट्रक!"

मी इंजिन सुरूही केलं.

"कोणी खजुराच्या पेटीला हात लावायचा नाही!" हैफा ओरडली. तिच्या पिशवीत धूर न लागलेला एकच कोरा स्फटिक उरला होता. तो तिनं हातातल्या छोट्या पडद्याला जोडून पहिल्या कोपऱ्यात धरला. "आणि जवळ येऊन श्वास सोडू नका." आम्ही सगळे गाल फुगवून उभे. आकडा उतरला. कोरडं. दुसरा कोपरा, कोरडा. तिसराही. लझहरनं पेटी उचललीच होती.

चौथ्या कोपऱ्यात आकडा चढला. चढतच गेला.

"हाही बिघडला," लझहर म्हणाला, पण आवाज फाटला होता.

हैफानं तिथल्या जुन्या यंत्रावरून बोट फिरवलं, हुंगलं. "मावशी, याला धुरी नाही दिली?"

"लोबान संपला, बाई."

पेट्या ओढल्या. मागे भिंतीतली, कोठार गार ठेवणारी पाण्याची नळी झिरपत होती आणि खालच्या पेट्यांना आंबूस वास सुटला होता. तेवढी रांग बाहेर काढली, बाकीचा माल चढवला. लझहर मटकन जमिनीवर बसला, तो हसतोय की रडतोय ते कळेना.

मी ट्रकच्या गिअरचा दांडा टाकणार, एवढ्यात मावशी हैफाला म्हणाली, "बघितलंस? ज्याला धुरी नाही दिली, नेमकी त्याच्याच कोपऱ्याला नजर लागली."

 हैफा हातातल्या स्फटिकाकडे बघून हळूच म्हणाली, "माशाल्ला."