रिकाम्या खणांची साक्ष

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. सात खण, प्रत्येकाला काचेचे झाकण. बुधवारच्या झाकणाला तडा गेला आहे आणि रविवारचे बिजागर कुरकुरते. मीही थोडा कुरकुरतो. इतकी वर्षे रोज उघडायचे आणि रोज मिटायचे, कंटाळा येणारच. तरी आज बोलायला बसलो आहे, कारण एकदा माझ्या हातून खोटी साक्ष दिली गेली आणि ती मला अजून टोचते.

मला एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने घडवले. मागणी आठ खणांची होती, पण पत्रा कमी पडला. "सातात भागवा," असे म्हणून त्याने मला घड्याळकाकांच्या हवाली केले. काका घड्याळे दुरुस्त करत. बारीक स्क्रू, चक्रे, काटे माझ्यात राहत. काढलेला भाग टाकायचा नाही आणि चालत्या घड्याळाला हत्यार लावायचे नाही, हे काकांचे दोन नियम. गिऱ्हाइके म्हणत, "काकांच्या हातात जादू आहे." जादूबिदू काही नव्हती. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास पाठ मोडायची, एवढेच.

मग एका वर्षी काकांचे बिनसले. दुरुस्त केलेले घड्याळ गिऱ्हाइकाला दिले की यांच्या छातीत धस्स. स्क्रू सैल राहिला असेल का? ते उठून त्याच्या दारात जात आणि छान चालणारे घड्याळ परत मागून आणत. दुकानाला कुलूप लावले की चार वेळा ओढून पाहत, कोपऱ्यापर्यंत जात आणि पाचव्यांदा परत येत. मन चिंती ते वैरी न चिंती, हे मी रोज पाहत होतो. तळहातांना घाम सुटे, आणि घामाचे बोट लागले की पोलादी चक्रावर गंज धरे. हात गेले तर दुकान गेले, आणि दुकान गेले तर काकांचे काय उरणार होते? एके दिवशी चिमट्यातला तोच स्क्रू तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा त्यांनी भर दुपारी दुकान बंद केले.

काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाई काय म्हणाल्या ते घरी येऊन काकूंनी जसेच्या तसे म्हणून दाखवले. "हे मनाचे चोचले नाहीत, आजार आहे. रोज सकाळी एक गोळी. गुण यायला काही आठवडे लागतात. आधी जरा मळमळेल, तेवढं सोसा. पण आपल्या मनानं बंद करायची नाही."

त्या दिवशी माझी बदली झाली. काकूंनी स्क्रू बाटलीत ओतले, तेल निघेपर्यंत मला सोड्याच्या गरम पाण्यात घासले आणि खणांच्या कडेला सुईने सात वारांची अक्षरे कोरून प्रत्येक खणात एकेक गोळी ठेवली. कारागिराला कमी पडलेला पत्रा असा कामी आला.

दोन महिन्यांत काका पुन्हा भिंग लावून बसू लागले. कुलूप एकदाच ओढू लागले. काकू शेजारणीला मला दाखवून म्हणाल्या, "या डब्यानं आमचं घर सावरलं." मी फुगलो. पत्र्याला फुगता येते तेवढा.

आणि इथेच घोटाळा झाला. बरे वाटू लागलेला माणूस स्वतःलाच डॉक्टर समजतो. चालत्या घड्याळाला हत्यार लावायचे नाही, हा नियम काकांनी स्वतःला लावला आणि गोळी सोडली. काकू संध्याकाळी खण उघडून पाहत, म्हणून ती माझ्यात ठेवून चालणार नव्हते. आणि काढलेला भाग टाकायचा नाही, हा दुसरा नियम होताच! मग ते सकाळी गोळी काढत आणि भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचे दार उघडून तळाशी ठेवून देत. मी समोरच्या फळीवरून हे बघत होतो.

थोड्याच दिवसांत चक्कर, तुटकी झोप, चिडचिड सुरू झाली, आणि पाठोपाठ जुनी भीती दुप्पट होऊन आली. काकू हवालदिल झाल्या. काकांना आणि मला घेऊन त्यांनी पुन्हा डॉक्टरीणबाईंना गाठले.

"बघा ना, एकही चुकलेली नाही," काकू माझी झाकणे एकेक करून उघडत म्हणाल्या.

"काका, रोज घेता ना?" बाईंनी विचारले.

"हो," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग मात्रा वाढवावी लागेल, नाहीतर गोळी बदलावी लागेल. आठवडाभर बघू."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण मी रिकामा होतो, आणि माझे रिकामेपण खोटे बोलत होते. मला फार लाज वाटली.

परतताना काका म्हणाले, "दुकान विकून टाकू. आता माझ्यानं होत नाही." मी होतो ती पिशवी काकूंनी घट्ट धरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरचे घड्याळ थांबले. घड्याळकाकांच्याच घरात घड्याळ बंद, म्हणजे दिव्याखाली अंधार! "अहो, बघता का जरा?" काकू म्हणाल्या.

"राहू दे गं," काका म्हणाले.

काकूंनी स्टूल ओढले आणि दार उघडले. लंबकाखालच्या बोटभर जागेत गोळ्यांचा ढीग झाला होता आणि लंबक त्यालाच अडला होता. काही घरंगळत फरशीवर आल्या. मला वाटले, आता भांडण होणार. पण काकू खाली बसून गोळ्या वेचू लागल्या.

"मला सांगितलं का नाही?"

"तू इतकी खुशीत होतीस. गोळीशिवाय राहून दाखवलं तरच खरा बरा झालो, असं वाटलं मला."

"आणि मी वेडी, डबाच बघत बसले. तुमच्याकडे बघितलंच नाही." आता त्या रडत होत्या. काकाही खाली बसले आणि गोळ्या वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "काका, घड्याळ चालतंय म्हणून त्याला किल्ली द्यायची थांबवता का?" कित्येक दिवसांनी काका हसले. "बंद करायची वेळ आली की मी सांगेन," बाई म्हणाल्या, "आणि तीही हळूहळू, टप्प्याटप्प्यानं." कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात झाली. घड्याळातल्या गोळ्या बाईंनी ठेवून घेतल्या. तेवढे भाग सोडून येणे काकांना जडच गेले.

हात ताळ्यावर यायला चांगले तीन महिने लागले. दुकान विकले नाही. अजूनही एखाद्या दिवशी काका कुलूप दोनदा ओढतात. ओढू देत.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला पुसून कोरडा ठेवा. औषध वेळेवर घ्या, आपल्या मनाने सोडू नका. पण रिकाम्या खणावर भरवसा ठेवून निश्चिंत होऊ नका. शेजारी माणूस बसलेला असतो, त्याला विचारा.

काकू हल्ली माझी झाकणे उघडून पाहत नाहीत. त्या विचारतात, "आज कसं वाटतंय?" कधी उत्तर येते "बरंय", कधी "जरा धाकधूक आहे". परवा बुधवारी काका घाईत निघून गेले आणि माझा खण भरलेलाच राहिला. दुपारी जेवायला आल्यावर चपला काढता काढता ते आपणहून म्हणाले, "अगं, सकाळची गोळी राहिली माझी." काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकांनी माझे तडा गेलेले झाकण उघडले, काकूंच्या समोर गोळी घेतली, आणि मी पुन्हा रिकामा झालो. या वेळी खरा.